आईच्या स्टेंटची तपासणी पेट स्कॅनने होईल का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ वर्षे असून तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. वीस महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूच्या पुढच्या मुख्य धमनीत औषधलेपित स्टेंट बसवला. दहा महिन्यांतच तो आतून अरुंद झाल्याचे आढळले आणि त्याच जागी, पहिल्याच्या आत, दुसरा स्टेंट बसवावा लागला. गेल्या तीन आठवड्यांपासून जिना चढताना तिच्या छातीवर दाब येतो आणि थांबले की जातो. डॉक्टरांनी पुन्हा अँजिओग्राफी सुचवली असून त्या वेळी धमनीच्या आतूनही चित्र घेऊ असे ते म्हणतात. आई मात्र घाबरली आहे आणि पुन्हा नळी घालून घ्यायला तयार नाही. मॉलिक्युलर इमेजिंगने, विशेषतः पेट स्कॅनने, स्टेंटमधील पेशींच्या हालचाली बाहेरूनच दिसतात आणि अरुंदपणा आधीच ओळखता येतो, असे माझ्या वाचनात आले. अँजिओग्राफीऐवजी ही तपासणी करता येईल का? ती निर्दोष आली तर आई सुरक्षित आहे असे मानावे का? आमच्या डॉक्टरांनी नकार दिला तर दुसरीकडे जाऊन ती करून घ्यावी का?

उत्तर : तुमच्या तीनही प्रश्नांकडे वळण्याआधी आईंच्या त्रासाबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण त्या बाबतीत उशीर परवडणारा नाही. ज्या व्यक्तीच्या धमनीत स्टेंट आहे आणि तो एकदा पुन्हा अरुंदही झालेला आहे, तिला जिना चढताना नव्याने छातीवर दाब येऊ लागला आणि विसावल्यावर तो ओसरू लागला, तर हृदयाला रक्त कमी पडत आहे असे धरूनच पुढे जावे लागते. नव्याने सुरू झालेल्या अशा दुखण्याला डॉक्टर स्थिर दुखणे मानत नाहीत. त्यामुळे कोणती तपासणी करावी या विचारात आणखी आठवडे घालवू नका. एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना भेटा आणि ईसीजी व ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे दाखवणारी, रक्तचाचणी करून घ्या. हा दाब बसल्या जागी येऊ लागला, पूर्वीपेक्षा कमी श्रमात किंवा अधिक वेळा येऊ लागला, दहा मिनिटांत ओसरला नाही किंवा त्यासोबत घाम, मळमळ, धाप अथवा घेरी आली, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलावून आईंना थेट रुग्णालयात न्यावे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांमध्ये छातीतील दुखणे बोथट होऊ शकते आणि धाप किंवा अकारण थकवा एवढेच लक्षण उरते, हेही घरातील सर्वांना माहीत असू द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. आईंच्या आजच्या स्थितीत मॉलिक्युलर इमेजिंग ही अँजिओग्राफीच्या जागी करण्याची तपासणी नाही. तुम्ही जे वाचले ते खोटे आहे म्हणून मी हे लिहीत नाही. त्या क्षेत्रातील संशोधन खरे आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. मात्र ते संशोधन ज्या प्रश्नाचा शोध घेते तो प्रश्न आणि आईंच्या छातीवरील दाबाने उभा केलेला प्रश्न हे दोन वेगळे आहेत. स्टेंटभोवतीच्या पेशी या घडीला काय करत आहेत, तेथे दाह आहे का, कॅल्शियम नव्याने साचत आहे का, हे मॉलिक्युलर इमेजिंग विचारते. आईंच्या बाबतीत मात्र त्या धमनीतून हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त जाते का, आणि जात नसेल तर एकाच जागी दोनदा स्टेंट बसवूनही वाट का बुजली, हे कळायला हवे. त्यावरच उपचार ठरणार आहेत.

हा फरक नीट कळावा म्हणून स्टेंटच्या आत काय घडते ते थोडे विस्ताराने सांगतो. आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिक येथे हृदयाची अरुंद धमनी प्रथमच फुग्याने रुंद केली. पण फुगा काढून घेतल्यावर धमनीची भिंत पुन्हा आत ओढली जाई आणि काही महिन्यांत अरुंदपणा परत येई. ती भिंत उघडी धरून ठेवण्यासाठी १९८६ मध्ये झाक प्युएल यांनी तुलूझ येथे आणि उलरिश सिगवार्ट यांनी लोझान येथे माणसाच्या हृदयधमनीत पहिले धातूचे स्टेंट बसवले. भिंत आत ओढली जाणे थांबले, पण दुसरी अडचण पुढे आली. फुग्याच्या दाबाने आणि धातूच्या तारांनी भिंतीचे आतले अस्तर सोलवटते, तेथे रक्तकणिका चिकटतात, दाह निर्माण करणाऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्या संकेतांमुळे भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आतल्या बाजूला सरकून वाढू लागतात. या पेशी आणि त्यांनी स्रवलेले तंतुमय द्रव्य यांचा नवा थर स्टेंटच्या आतून चढतो. मर्यादेत असेल तर ही जखम भरून येण्याचीच प्रक्रिया असते. ती मर्यादा ओलांडते तेव्हा वाट अरुंद होते. स्टेंटच्या आत किंवा त्याच्या दोन्ही टोकांपासून पाच मिलिमीटरच्या आत वाहिनीचा व्यास निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटला, तर अँजिओग्राफीच्या भाषेत त्याला पुन्हा आलेला अरुंदपणा म्हणतात.

या पेशींची वाढ रोखणारे औषध स्टेंटवरच लावण्याची कल्पना त्यातून आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल या २३८ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटातील २६.६ टक्के रुग्णांत अरुंदपणा परतला होता, तर सिरोलिमस या औषधाचा लेप असलेल्या स्टेंटच्या गटात तो एकाही रुग्णात आढळला नाही. ते शून्य पुढच्या मोठ्या चाचण्यांत आणि रोजच्या व्यवहारात टिकले नाही. औषधलेपित स्टेंटमध्ये हा त्रास पुष्कळ कमी झाला, पण संपला नाही. मधुमेह, बारीक धमनी, लांब स्टेंट, फाट्यावरील जागा आणि पूर्ण न उघडलेला स्टेंट यांमुळे त्याची शक्यता वाढते. शिवाय औषधामुळे अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि काही रुग्णांत नव्या थरामध्येच चरबी, चरबी गिळून फुगलेल्या भक्षक पेशी आणि कॅल्शियम साचून एक नवा धमनीकाठिण्याचा विकार तयार होतो. साध्या स्टेंटमध्ये तो बहुधा अनेक वर्षांनी दिसे, औषधलेपित स्टेंटमध्ये तो लवकर दिसू शकतो. म्हणजे बाहेरून सारखाच भासणारा अरुंदपणा आतून वेगवेगळ्या प्रकारचा असतो, आणि मॉलिक्युलर इमेजिंगबद्दल संशोधकांना ओढ वाटते ती याच ठिकाणी.

त्याची कल्पना अशी आहे. एखाद्या विशिष्ट पेशीला किंवा रेणूला जाऊन चिकटणारा पदार्थ निवडायचा, त्याला अल्पकाळ टिकणारा किरणोत्सारी अणू किंवा चमकणारा रंग जोडायचा, तो रक्तात सोडायचा आणि तो कोठे गोळा होतो ते यंत्राने पाहायचे. वाढत्या स्नायुपेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला किरणोत्सारी खूण जोडून डुकरांच्या हृदयधमन्यांतील स्टेंटमध्ये ती दिसते का, याचे प्रयोग २००० सालाच्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. तुम्ही वाचलेल्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारे काम तेच आहे, पण रुग्णांच्या नेहमीच्या तपासणीपर्यंत ते पोहोचले नाही. माणसांमध्ये सर्वाधिक वापर झाला तो एफडीजी या पदार्थाचा. हा ग्लुकोजसारखा रेणू असतो, त्याला सुमारे ११० मिनिटांचे अर्धायुष्य असलेला फ्लोरिन-१८ जोडलेला असतो आणि दाहात गुंतलेल्या भक्षक पेशी तो अधिक प्रमाणात घेतात. गॅलियम-६८ जोडलेला डोटाटेट हा दुसरा पदार्थ त्याच पेशींवरील एका ग्राहीला, म्हणजे रेणू पकडणाऱ्या जागेला, चिकटतो आणि हृदयाचा निरोगी स्नायू तो फारसा घेत नाही, हा त्याचा फायदा आहे. तिसरा सोडियम फ्लोराइड. तो नव्याने तयार होणाऱ्या सूक्ष्म कॅल्शियमवर बसतो. एडिनबरा येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या ४० रुग्णांपैकी ३७ जणांत सोडियम फ्लोराइड सर्वाधिक गोळा झाले होते ते झटक्याला कारण ठरलेल्या जागीच. या निष्कर्षाने संपूर्ण क्षेत्राला उभारी दिली, आणि तो तसा मोलाचाच आहे. तो अभ्यास धमनीच्या भिंतीत मुळात साचलेल्या चरबीच्या गाठींबद्दलचा होता, स्टेंटमध्ये पुन्हा चढणाऱ्या थराबद्दलचा नव्हे, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

स्टेंटच्या बाबतीत अडचणी अधिक आहेत आणि त्या यंत्राच्या तसेच शरीराच्या मूळ स्वभावातून येतात. पेट स्कॅनला साधारण चार ते पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा करता येत नाही, तर हृदयधमनीची संपूर्ण रुंदीच दोन ते चार मिलिमीटर असते आणि स्टेंटच्या आत चढलेला थर त्याहून कितीतरी पातळ असतो. हे सगळे प्रत्येक ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर हलत असते. ही हालचाल गणिताने दुरुस्त करण्याच्या चांगल्या पद्धती आता आहेत, पण त्या अडचण कमी करतात, मिटवत नाहीत. पेटच्या चित्राची दुरुस्ती सोबतच्या सीटीवरून केली जाते आणि स्टेंटचा धातू त्या सीटीत विकृती निर्माण करतो. त्यामुळे धातूभोवती नसलेली चमक दिसू शकते. आईंच्या धमनीत तर धातूचे दोन थर एकावर एक आहेत. एमआरआयमध्ये धातूमुळे उलट होते: बहुतेक स्टेंटच्या आतील जागा चित्रात काळी पडते.

एफडीजीची आणखी एक मर्यादा आईंना थेट लागू पडते. हृदयाचा स्नायू स्वतःच ग्लुकोज वापरतो, त्यामुळे धमनीतील मंद चमक शेजारच्या स्नायूच्या प्रखर चमकीत बुडून जाते. ते टाळण्यासाठी तपासणीपूर्वी कर्बोदके जवळजवळ पूर्ण बंद करून दीर्घ उपवास करावा लागतो, जेणेकरून स्नायू चरबीवर काम करू लागेल. मधुमेह असलेल्या व्यक्तीत ही तयारी फसण्याची शक्यता अधिक असते, इन्सुलिन दिले तर ग्लुकोज पुन्हा स्नायूत शिरते आणि साखर कमी करणारी औषधे चालू असताना असा उपवास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करणे धोक्याचे असते. आईंना केवळ खात्रीसाठी म्हणून या सगळ्यातून नेणे मला योग्य वाटत नाही.

याशिवाय मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अडचण अर्थ लावण्याची आहे. स्टेंट बसवणे ही भिंतीला झालेली इजा आहे आणि तिच्यामागून येणारा दाह हा जखम भरण्याचा भाग आहे. नुकत्याच बसवलेल्या स्टेंटच्या जागी एफडीजी गोळा झाले तर ते मूळ गाठ धगधगत असल्यामुळे, ताज्या इजेमुळे की पुढे वाट बुजवणाऱ्या वाढीमुळे, हे चित्रावरून सांगता येत नाही. उलट, काही महिन्यांनी दाह ओसरलेला असेल आणि तरीही स्नायुपेशींनी व तंतुमय द्रव्याने वाट निम्म्याहून अधिक व्यापलेली असेल, तर स्कॅन थंड दिसेल आणि धमनी अरुंदच असेल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. स्कॅन निर्दोष आला म्हणून आई सुरक्षित आहेत असे मानता येणार नाही. छातीवरील दाब कायम असताना अशा अहवालावर विसंबून थांबणे हे मला तपासणी न करण्यापेक्षाही अधिक घातक वाटते, कारण त्यातून सगळ्यांची सावधगिरी सैल होते. चमक दिसली तरी त्यावरून उपचार ठरत नाहीत. नुकताच झटका येऊन गेलेल्या सातशेहून अधिक रुग्णांचा सोडियम फ्लोराइड वापरून केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका किंवा अचानक करावा लागलेला धमनी उघडण्याचा उपचार या एकत्रित मुख्य निकषाशी धमन्यांतील चमकीचा संबंध त्यात सिद्ध झाला नाही. मृत्यू किंवा झटका एवढ्या दुय्यम निकषाशी तो दिसला. संशोधकांसाठी हा पुढे जाण्याचा धागा आहे, पण एका रुग्णाच्या एका स्टेंटचा निर्णय त्यावर आधारण्याइतका तो पक्का नाही.

धमनीच्या आतून केले जाणारे मॉलिक्युलर चित्रण मला या सर्वांत अधिक आशादायक वाटते. जवळच्या अवरक्त प्रकाशात चमकणारा रंग रक्तात सोडून धमनीत बारीक प्रकाशतंतू नेला की पातळ थरसुद्धा जवळून पाहता येतो. सशांवरील प्रयोगांत औषधलेपित स्टेंटच्या तारांवर फायब्रिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीतील तंतू, किती काळ उरते, म्हणजे जखम भरली आहे की नाही, हे या पद्धतीने दिसले आहे. भिंतीतील ऊतींच्या स्वतःच्या चमकीवर आधारलेले असे चित्रण माणसांच्या हृदयधमन्यांतही करून पाहिले गेले आहे. भिंतीतील चरबी तिच्या रासायनिक खुणेवरून ओळखणारी अवरक्त वर्णपटाची नळी तर काही केंद्रांत रुग्णांसाठी वापरलीही जाते. पण हे सगळे त्याच नळीच्या मार्गाने होते जिची आईंना भीती वाटते, तेव्हा अँजिओग्राफी टाळण्याचा मार्ग म्हणून त्याकडे पाहता येणार नाही.

एक गोंधळ येथे दूर करायला हवा, कारण त्यामुळे अनेक कुटुंबे चुकीच्या तपासणीसाठी नाव नोंदवतात. पेट किंवा स्पेक्ट (किरणोत्सारी द्रव्य कोठे पोहोचले ते टिपणारे दुसरे यंत्र) या यंत्रांवर हृदयाच्या रक्तपुरवठ्याचीही तपासणी होते. तीत टेक्नेशियम-९९एम जोडलेले किंवा अन्य किरणोत्सारी द्रव्य देऊन श्रमाच्या आणि विश्रांतीच्या स्थितीत स्नायूच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोहोचते ते पाहतात. ती नेहमीच्या वापरातील, उत्तम अनुभवाने पारखलेली तपासणी आहे. स्टेंटमधील पेशींबद्दल ती काही सांगत नाही, पण अरुंदपणाचा परिणाम दाखवते. आईंनी सर्व समजून घेऊनही अँजिओग्राफीला ठाम नकार दिला आणि विश्रांतीत दुखत नसेल, ईसीजी व ट्रोपोनिन ठीक असतील, तर डॉक्टरांशी बोलण्यासारखा पर्याय हा आहे. पुढच्या मुख्य धमनीच्या क्षेत्रात मोठा रक्ताभाव दिसला तर अँजिओग्राफीचा आग्रह धरण्यास ठोस कारण मिळेल. सीटी अँजिओग्राफीही नळीशिवाय होते, पण तिचा भरवसा साधारण तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्टेंटपुरताच असतो, आणि धातूच्या दोन थरांमुळे आईंच्या बाबतीत तो आणखी कमी होईल. नव्या फोटॉन मोजणाऱ्या सीटी यंत्रांवर स्टेंटचा आतला भाग अधिक स्पष्ट दिसतो. असे यंत्र उपलब्ध असेल तर विचारायला हरकत नाही.

तरीही तुमच्या डॉक्टरांनी जे सुचवले आहे ते मला बरोबर वाटते, आणि विशेषतः आतून चित्र घेण्याचा त्यांचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. अँजिओग्राफीत धमनीतून वाहणाऱ्या द्रव्याची सावली दिसते, भिंत दिसत नाही. ओसीटी ही प्रकाशावर चालणारी पद्धत दहा ते पंधरा मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा तपशील दाखवते. आयव्हस ही ध्वनिलहरींची पद्धत तितकी बारीक नाही, पण भिंतीत अधिक खोलवर पाहते. पहिला स्टेंट मुळातच पूर्ण उघडला नव्हता का, त्याच्या मागे कडक कॅल्शियम आहे का, तार तुटली आहे का, स्टेंट धमनीच्या मानाने लहान पडला का, की आत चरबीयुक्त नवा विकार साचला आहे, हे त्यातून कळते. दुसरा स्टेंट बसवताना अशी तपासणी झाली होती का, हे तुमच्या पत्रात नाही. झाली नसेल, तर पहिल्या अपयशाचे कारण न शोधताच त्यावर दुसरा धातूचा थर चढवला गेला असण्याची शक्यता आहे, आणि या वेळी ते टाळायला हवे. धमनी अरुंद दिसली पण ती कितपत अडथळा करते याबद्दल शंका असेल, तर तारेने दाब मोजून एफएफआर, म्हणजे अडथळ्याच्या पुढील दाबाचे आधीच्या दाबाशी गुणोत्तर, काढता येतो, तो ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा अर्थपूर्ण मानतात.

कारण कळल्यावर उपचार वेगळे होतात. स्टेंट उघडलेलाच नसेल तर जास्त दाबाचा फुगा, कॅल्शियम फोडणाऱ्या ध्वनिलहरींचा फुगा किंवा लेझर यांनी आधी तो उघडावा लागतो. औषध त्या जागी काम करू शकत नाही. पेशींचीच वाढ झाली असेल तर आत तिसरा स्टेंट बसवण्यापेक्षा औषधाचा लेप असलेला फुगा वापरण्याचा विचार करता येतो, कारण त्यातून औषध भिंतीत जाते आणि धातूचा नवा थर मागे राहत नाही. स्टेंटमधील अरुंदपणासाठी अशा फुग्याची तुलना साध्या फुग्याशी करणारी ६०० रुग्णांची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वर्षात त्याच जागेमुळे मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार यांपैकी काही घडण्याचे प्रमाण औषधलेपित फुग्याच्या गटात १७.९ टक्के आणि साध्या फुग्याच्या गटात २८.६ टक्के होते. म्हणजे फायदा स्पष्ट आहे, पण हमी नाही. त्यामुळे मधुमेह आणि पुढच्या मुख्य धमनीत दोनदा आलेले अपयश लक्षात घेता, बायपास शस्त्रक्रियेचाही विचार हृदयशल्यविशारदांसोबत बसून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छातीच्या आतील भिंतीवरील धमनी या पुढच्या धमनीला जोडली की ती बहुतेक रुग्णांत दीर्घकाळ उघडी राहते.

आईंच्या भीतीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या मते निर्णय तेथेच अडलेला आहे. मागच्या दोन वेळी त्यांना नेमके काय सोसावे लागले हे त्यांना निवांतपणे विचारा. नळी मांडीतून घातली होती आणि तासन्तास उताणे झोपून राहावे लागले होते, की टोचताना दुखले, की टेबलावर छातीत कळ आली आणि कोणी काही सांगत नव्हते? यातील प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. मनगटातून नळी घालता येते, जागा बधिर करतात, हवे असल्यास शांत वाटण्याचे औषध देतात, आणि काय चालले आहे ते पायरीपायरीने सांगत राहा अशी विनंती आधीच करता येते. केवळ निदानासाठी केलेल्या अँजिओग्राफीत गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. मधुमेहामुळे त्यांच्या मूत्रपिंडांची चाचणी आधी व्हायला हवी, कारण रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ती थांबवायची का हे डॉक्टर त्या चाचणीवरून ठरवतील. हे सगळे त्यांना तुमच्याकडून नव्हे, तर तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडून ऐकायला मिळावे. भेटीला त्यांना सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

पुढे कधी, आई बऱ्या झाल्यावर, लक्षणे नसतानाही दरवर्षी स्कॅन करत राहावे असे कोणी सुचवले, तर दक्षिण कोरियातील, फुगा किंवा स्टेंटचा उपचार झालेल्या १,७०६ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष लक्षात ठेवा. त्यात सर्व रुग्ण अधिक जोखमीचे होते. अर्ध्यांची वर्षभराने नेमाने तणाव चाचणी (हृदयावर श्रमाचा ताण देऊन केलेली तपासणी) केली आणि उरलेल्यांची केवळ गरज पडल्यावर. दोन वर्षांनी मृत्यू, झटका किंवा अस्थिर छातीदुखीसाठी रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५.५ टक्के आणि दुसऱ्यात ६.० टक्के होते, म्हणजे अर्थपूर्ण फरक नव्हता. हा निष्कर्ष लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. आज आईंना तो लागू नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल : दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्या, पण पेट स्कॅन करून देणारे केंद्र शोधण्यासाठी नव्हे. मत विचारायचे ते या गुंतागुंतीच्या धमनीवर फुगा, स्टेंट की बायपास याबद्दल, आणि तेही काही दिवसांत. एखाद्या संस्थेत मॉलिक्युलर इमेजिंगचा नोंदणीकृत संशोधन प्रकल्प चालू असेल आणि आईंना त्यात सहभागी व्हायची इच्छा असेल, तर त्यांची तब्येत स्थिर झाल्यावर तो विचार करता येईल. मात्र तेथे संमतिपत्र नीट वाचून घ्यावे, नैतिक समितीची मान्यता आहे का ते पाहावे आणि त्या तपासणीमुळे नियमित उपचार लांबणार नाहीत याची लेखी खात्री घ्यावी. संशोधनातील तपासणी नेहमीची तपासणी असल्यासारखी मांडून तिचे शुल्क मागितले जात असेल, तर तेथून परत यावे.

दुसऱ्या मतासाठी जाताना दोन्ही वेळच्या अँजिओग्राफीच्या चित्रफिती, केवळ लेखी अहवाल नव्हे, सोबत न्या. दोन्ही स्टेंटची नावे, व्यास आणि लांबी लिहिलेली कार्डे, आतून चित्र घेतले असल्यास त्याची प्रत, अलीकडचा इकोचा अहवाल, मूत्रपिंडांची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आणि कोलेस्टेरॉलचे आकडे एकत्र ठेवा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, प्रति डेसिलिटर ५५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर स्टॅटिनची मात्रा किंवा जोडऔषध वाढवण्याबद्दल त्याच भेटीत विचारा. तोपर्यंत अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची रक्त पातळ करणारी गोळी कोणाच्याही सांगण्यावरून, दात काढण्यासाठीसुद्धा, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवण्याची गोळी लिहून दिलेली नसेल तर ती पहिल्याच भेटीत मागून घ्या.